जयंतीचे भाषण आणि जन्माचा दाखला

नाशिक शहरात वर्षभर कोणा ना कोणाची जयंती चालूच असते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले, १९ फेब्रुवारीला शिवराय, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रज, ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब. चंद्राच्या हिशेबाने फिरत येणारी रबीउल अव्वलची बारावी तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, ती निराळीच. या प्रत्येक दिवशी कुठल्या ना कुठल्या शाळेत एखादे मूल चार घड्या घातलेला कागद मुठीत धरून उभे राहते आणि 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' असे एका दमात म्हणून टाकते. अलीकडच्या काही वर्षांत या यादीत आणखी एका दिवसाची भर पडली आहे. तो दिवस ९ जानेवारीचा, फातिमा शेख यांच्या जयंतीचा.

जुन्या नाशकातली मुले डिसेंबर संपता संपता आमच्याकडे येतात. "चाचा, भाषण लिहून द्या. तीन मिनिटांचं." आम्हीही लिहून देतो. या भाषणाचा साचा ठरलेला असतो. जन्मतारीख, आईवडिलांची नावे, गाव, गरिबी, कार्य, मृत्यू आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय हिंद, जय महाराष्ट्र'. पहिले वाक्य तारखेचेच हवे, असा जणू नियमच आहे. २०२५ च्या जानेवारीत सातवीतल्या एका मुलीला आम्ही असेच भाषण लिहून दिले होते. त्याचे पहिले वाक्य होते, 'फातिमा शेख यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ रोजी पुण्यात झाला.'

शाळेचा कार्यक्रम शनिवारी होता. गुरुवारी, नेमक्या ९ तारखेला, पत्रकार-लेखक दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख नावाची कोणी बाई झालीच नाही, ते पात्र आपणच रचले होते. संध्याकाळपर्यंत हा मजकूर मोहल्ल्यातल्या प्रत्येक फोनवर पोहोचला. शुक्रवारी ती मुलगी वडिलांबरोबर आली. वडील म्हणाले, "राहू द्या साहेब. ती सावित्रीबाईंवरच बोलेल. उगाच कोणी काही म्हणायला नको." तिथे बसलेले एक गृहस्थ उसळून म्हणाले, "का म्हणून? तारीख ठणकावून सांगायची! आम्हीच का घाबरायचं?" मुलीने दोघांचेही ऐकून घेतले आणि आम्हाला विचारले, "पण चाचा, तारीख खरी आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक होते, तरीही आम्ही ते वाक्य लिहिले होते. साचा तसा होता म्हणून लिहिले होते. हा लेख म्हणजे त्या चुकीचा हिशेब आहे.

दोन व्यासपीठे

आमच्या पिढीतल्या नाशिककर मुसलमान मुलांनी बोलायला शिकले ते दोन व्यासपीठांवर. एक मोहल्ल्यातले. मिलादच्या दिवशी चौक मंडईतून जुलूस निघतो तो बडी दर्ग्यापर्यंत जातो. त्याच्या आगेमागे रात्रीचे जलसे होतात. तिथली तकरीर उर्दूत असते, हम्द आणि दरुदने सुरू होते आणि दुआने संपते. दुसरे व्यासपीठ शाळेतले. तिथे भाषण मराठीत, हार घातलेल्या तसबिरीसमोर, हात मागे बांधून. तकरीर करणारा वक्ता सांगताना 'फलाण्या रावीने फलाण्याकडून ऐकले' असे म्हणतो. शाळेतल्या भाषणात असे कोणी म्हणत नाही. तिथे सारे काही फळ्यावर लिहिल्यासारखे पक्के असते.

या दोन्ही व्यासपीठांमधले दार आपल्यापैकी अनेकांनी उघडले आहे. पैगंबरांविषयी मराठीत बोलायचे म्हटले की आमच्या हाताशी जोतीराव फुल्यांचे 'मानव महंमद' हे काव्य असे आणि साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' म्हणून लिहिलेले पैगंबरचरित्र असे. ज्या गुरुजींनी १९३३ साली इथल्या नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्याच गुरुजींच्या मराठीतून आम्ही पैगंबरांचे बालपण शाळेत सांगितले. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा हे दार आणखी रुंद झाले. पण मराठीतली वाक्ये शाळेत नेताना रावीची शिस्त मात्र आम्ही मोहल्ल्यातच ठेवून आलो. ती बरोबर आणायला हवी होती.

इरबिलचे भाषण

जन्मदिवसाचे भाषण लिहून ते वाचून दाखवण्याची रीत इस्लामी जगात जुनी आहे. आजच्या इराकमधील इरबिल शहरी मुजफ्फरुद्दीन कोकबुरी नावाचा राज्यकर्ता मिलादचा मोठा सोहळा करीत असे. हिजरी ६०४, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमारास स्पेनकडचा एक विद्वान, इब्न दिहया, प्रवास करीत तिथे आला. राजाचा उत्साह पाहून त्याने पैगंबरांच्या जन्मावर 'अत-तनवीर' नावाचा ग्रंथ रचला आणि तो स्वतः राजाला वाचून दाखवला. राजाने त्याला एक हजार दिनार दिले, अशी नोंद इतिहासकार इब्न खल्लिकान याने केली आहे. जन्मदिनाच्या भाषणाला मिळालेले एवढे मोठे बक्षीस आमच्या तरी दुसरे ऐकण्यात नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग जलशांत फारसा सांगितला जात नाही. हजार दिनार मिळवणाऱ्या याच इब्न दिहयाला पुढच्या हदीस-अभ्यासकांनी सोडले नाही. कोणाकडून काय ऐकले हे सांगण्यात तो सैल आहे, असा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. त्याचा विषय पवित्र होता, हेतूही चांगला असेल, श्रोते खूश होते. पण अभ्यासकांनी त्याला विचारले ते एवढेच की हे तू कोणाकडून ऐकलेस.

पुढे मिलादच्या कथनाचे अनेक ग्रंथ झाले. मदिनेतील जाफर अल-बर्झंजी यांचा अठराव्या शतकातला मौलूद कोकणातल्या शाफई घरांतून आजही वाचला जातो. तुर्कस्तानात सुलेमान चेलेबीने १४०९ साली तुर्की भाषेतच मौलूद रचला. म्हणजे आपल्या बोलीत पैगंबरांचा जन्मदिन सांगणे ही काही आजची मराठी हौस नव्हे. तिला सहाशे वर्षांची परंपरा आहे.

पैगंबरांची जन्मतारीख

या परंपरेतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट खुद्द पैगंबरांच्या (स.) जन्मतारखेविषयी आहे. आपण १२ रबीउल अव्वल मानतो. हे मत जुन्या चरित्रकारांपैकी इब्न इसहाकचे. पण जुन्या ग्रंथांत दुसरी, आठवी, दहावी अशाही तारखा आलेल्या आहेत. शिया परंपरा १७ रबीउल अव्वल मानते. विसाव्या शतकात मौलाना शिबली नोमानी 'सीरतुन्नबी' लिहायला बसले, तेव्हा त्यांनी इजिप्तचे खगोलशास्त्रज्ञ महमूद पाशा फलकी यांचे गणित स्वीकारले आणि ९ रबीउल अव्वल, म्हणजे २० एप्रिल ५७१ ही तारीख ग्राह्य धरली.

वार मात्र सोमवार, हे जवळपास सर्वांना मान्य आहे. कारण त्याला हदीसचा दाखला आहे. सोमवारच्या रोजाविषयी विचारले असता, आपला जन्म त्या दिवशी झाला, असे पैगंबरांनी सांगितल्याचे 'सहीह मुस्लिम'मध्ये आले आहे. म्हणजे जन्मदिवसाची त्यांची स्वतःची आठवण रोजाच्या रूपाने होती.

ज्यांच्या नावावर कोट्यवधी लोक जीव टाकतात, त्यांच्या जन्मतारखेबाबत मतभेद आहेत हे आपल्या उलेमांनी लपवले नाही. चार मते चार नावांसह लिहून ठेवली. जे पक्के ते पक्के म्हटले, जे ऐकीव ते ऐकीव म्हटले. त्यासाठी सहीह, हसन, जईफ, मौजू अशा प्रती लावल्या. यापैकी मौजू म्हणजे रचलेले. एवढे करून कोणाचे ईमान डळमळले नाही. १९९० च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी लाल किल्ल्यावरून मिलादची सुट्टी जाहीर केली, तेव्हा तारखेचा वाद मिटला आहे काय असे कोणी विचारले नाही. विचारायचे कारणही नव्हते.

शिवरायांची जन्मतारीख

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर घरोघर ठाऊक आहे. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७ चा, असे दीर्घकाळ मानले गेले. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले, समित्या बसल्या आणि पुढे शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली. तरी आजही नाशकात तारखेची शिवजयंती निघते आणि तिथीचीही निघते.

या साऱ्या वादात शिवाजी महाराज झालेच नाहीत, असे म्हणण्याची बुद्धी कोणालाही झाली नाही. तारीख वादात गेली म्हणून माणूस वादात जात नाही, हे महाराष्ट्राला त्या वेळी पुरते कळत होते. हाच न्याय फातिमाबींना का लागू नये?

फातिमाबींविषयी काय ठाऊक आहे?

हदीसच्या शिस्तीने पाहू. पहिली प्रत कागदाची. १९८८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' प्रसिद्ध केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे, नायगावहून लिहिलेले. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी आहेत. महारामांगांना शिकवता म्हणून भावाने बोल लावला, त्याला त्यांनी उत्तर दिले, ती हकीकत पत्रात आहे. आणि त्याच पत्रात फातिमा आहे. आपण तिथे नसल्याने कामाचा भार तिच्यावर पडत असेल, ही काळजी सावित्रीबाईंना आहे. ती त्याबद्दल कुरकुर करणारी नाही, हा भरवसाही आहे. ज्या पुस्तकात हे पत्र छापले गेले ते १९८८ चे आहे. समाजमाध्यमे तेव्हा जन्मालाही आली नव्हती. म्हणून 'हे पात्र आपण रचले' हा दावा टिकत नाही.

दुसरी प्रत सांगोवांगीची, म्हणजे चरित्रकथनाच्या परंपरेतून आलेली. १८४९ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, फातिमा या उस्मान यांच्या बहीण, त्या सावित्रीबाईंबरोबर शिकल्या आणि शिकवू लागल्या. जुन्या छायाचित्रात सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेली स्त्री त्याच, हेही असेच आलेले. पत्रात फक्त 'फातिमा' आहे, 'शेख' हे नाव नाही, उस्मानही नाहीत. पण जोतीरावांच्या घडणीत मुसलमान शेजाऱ्यांचा हात होता, हे त्यांच्या चरित्रकारांनी अन्य प्रसंगीही नोंदवले आहे. शाळा सुटलेल्या जोतीला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना पटवणाऱ्या दोघांत लिजिटसाहेबांबरोबर गफार बेग मुन्शी होते. तेव्हा ही कथा अशक्य नाही, संभवनीय आहे. भाषणात ती 'असे सांगितले जाते' म्हणून सांगावी. 'देशातील पहिली मुस्लिम शिक्षिका' हे बिरुदही याच प्रतीतले, अनुमानाचे.

तिसरी प्रत जोडकामाची. ९ जानेवारी १८३१ ही तारीख तिच्यात येते. २०२२ मध्ये याच दिवशी गुगलने आपल्या पानावर फातिमाबींचे चित्र लावून १९१ वी जयंती साजरी केली आणि तारीख जगभर गेली. पण पत्र तारखेविषयी काही बोलत नाही. त्याशिवाय भाषणांत कोणी त्यांच्या तोंडी संवाद घातले, कोणी मोहल्ल्यातल्या बायकांशी झालेली भांडणे रंगवली. आम्हीही एकदा असा प्रसंग रंगवला होता आणि टाळ्या मिळाल्या होत्या. असे जोडकाम प्रेमापोटी होते, पण शत्रूच्या हाती काठी देते ती तेच. खोटी तारीख सापडली की मागचे खरे पत्रही खोटे म्हणायला माणूस मोकळा होतो.

एक जूनची माणसे

तारीख नाही याचा एवढा धसका आपल्याला का वाटतो, याचाही विचार केला पाहिजे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख विचारा. निम्म्यांची १ जून निघेल. जूनमध्ये शाळेत नाव घालायला नेले, मास्तरांनी पोराकडे पाहून वय ठरवले आणि १ जून लिहिले. आजीला विचारावे तर ती म्हणणार, 'गंगेला मोठा पूर आला त्या साली'. ही गोष्ट केवळ मुसलमानांची नाही, महाराष्ट्रातल्या साऱ्या कष्टकरी घरांची आहे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा झाला तोच १९६९ साली. ज्यांच्या घरी पत्रिका मांडली जात नव्हती, त्यांच्या लेकीची तारीख १८३१ साली कोण लिहून ठेवणार होते?

२०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली तेव्हा जुन्या नाशकातली म्हातारी माणसे लोखंडी पेट्या उघडून बसली होती. २०२५ च्या त्याच जानेवारीत, आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले गेले. एकीकडे जिवंत माणसांकडे जन्माचा दाखला मागितला जात होता, दुसरीकडे दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईकडे. त्या शुक्रवारी मुलीचे वडील 'राहू द्या' म्हणाले, त्यामागे हे सारे होते. त्यांना भित्रे म्हणणे आम्हाला जमले नाही.

पण दाखला नाही म्हणून खोटा दाखला करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. घरातही नव्हे आणि इतिहासातही नव्हे. २७ फेब्रुवारीचे भाषण सोपे असते. वि. वा. शिरवाडकरांचा जन्म १९१२ चा, त्यांची जन्मतारीख शासनाने २०१३ पासून मराठी भाषा गौरव दिन म्हणून मान्य केली, टिळकवाडीत त्यांचे घर आहे, हवे तर जाऊन पाहता येते. शिवाय धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून त्यांनी 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले, ही गोष्ट मुलांना फार आवडते. सगळीच माणसे इतकी नोंदलेली नसतात. ज्यांची नोंद नाही त्यांचे भाषण लिहिताना जास्त काळजी घ्यावी लागते, एवढेच.

शनिवारचे भाषण

शुक्रवारी रात्री आम्ही आणि त्या मुलीने मिळून भाषण पुन्हा लिहिले. पहिले वाक्य खोडले. त्या जागी तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'फातिमाबींचा जन्म कधी झाला हे कोणी लिहून ठेवले नाही. पण १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्या काम करत होत्या, हे सावित्रीबाईंनी लिहून ठेवले आहे.' मग पत्रातली हकीकत आली. उस्मान शेख यांच्या घराची गोष्ट 'असे सांगितले जाते' म्हणून आली. 'पहिली' हा शब्द आम्ही काढला. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "पहिली नसली तरी होती ना, चाचा?" आम्ही हो म्हणालो.

वडिलांनी कागद वाचला आणि ते म्हणाले, "यात खोटं काय काढणार कोणी?" शनिवारी ते स्वतः तिला शाळेत सोडायला गेले. भाषण तीन मिनिटांत संपले. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. नंतर एका बाईंनी तिला विचारले, ते पत्र कुठे वाचायला मिळेल? जयंतीच्या भाषणानंतर पुस्तकाचे नाव विचारले गेल्याचे आमच्या आठवणीत तरी हे पहिलेच.

नाशकातल्या कितीतरी मुली आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पदवी घेतात. पदवीच्या कागदावर एकीचे नाव आहे. दुसरीचे नाव एका पत्रात आहे आणि ते राखायचे काम आपले आहे. त्यासाठी ९ जानेवारीला सभा घ्यायला आमची हरकत नाही. मिलाद जशी रिवायतीवर चालते तशी ही जयंतीही रूढीने चालावी. फक्त व्यासपीठावरून ती रूढी आहे हे सांगावे.

आणि एक काम या अंकाच्या वाचकांनी करावे अशी आमची विनंती आहे. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घराण्यात ज्या पहिल्या मास्तरीणबाई झाल्या, मराठी शाळेत असोत की उर्दू शाळेत, त्यांची नावे आजच लिहून काढा. शाळेची जुनी हजेरीपुस्तके, नेमणुकीचे हुकूम, पेन्शनची कागदे, एखादे पत्र, जे मिळेल ते जपा. माहिती कोणी सांगितली त्याचे नावही शेजारी लिहा. जन्मतारीख मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर ती जागा कोरी सोडा, पण त्या कोणत्या वर्षी कोणत्या वर्गाला शिकवत होत्या हे जरूर नोंदवा. म्हणजे पुढे एखादी सातवीतली मुलगी त्यांच्यावर भाषण लिहायला बसली, तर तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.